ट्यूब अँपचा हम, तडतड आणि मधेच बसणारा आवाज: चासी उघडण्याआधी काय काय तपासायचं

ट्यूब अँप, म्हणजे काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा गिटारचा अँप्लिफायर. त्याच्या तक्रारी मोजक्याच असतात, अँप तेवढे बदलतात. त्यामुळे आधी लक्षणं सांगतो. तुमचं दुखणं त्यात कुठे बसतंय ते बघा.

हम. गिटार वाजत नसतानाही स्पीकरमधून सलग घूंऽऽ येत राहतं. कधी ते मऊ आणि खोल असतं, कधी कंगव्यावर कागद धरून फुंकल्यासारखं खरखरीत.

तडतड. मधूनच चर्र, फट, चटचट. काही वेळा नॉब फिरवतानाच येते, काही वेळा आपण शांत बसलेलो असतानाही.

आवाज बसणं. अँप वीस मिनिटं मस्त वाजतो आणि मग कुणी मध्ये दार लावून घेतल्यासारखा आवाज लांब जातो. जोरात एक कॉर्ड हाणली की परत येतो, पुन्हा जातो. सर्वात जास्त चुकीचे इलाज याच तक्रारीवर होतात, म्हणून पुढे तिच्यावर जरा जास्त वेळ घालवणार आहे.

किणकिण किंवा शिट्टी. नोट थांबली तरी काचेवर टिचकी मारल्यासारखा आवाज मागे रेंगाळतो, किंवा गेन वाढवला की गिटार न लावताच अँप किंचाळतो.

आणि फ्यूज उडणं. त्याचं वर्णन करायला नको.

चार गोष्टी मात्र या यादीत बसत नाहीत: जळका वास, धूर, ट्यूबच्या आतला राखाडी पत्रा लाल होणं, आणि गिटारच्या तारांना किंवा चासीला (सर्किट बसवलेल्या धातूच्या पेटीला) हात लावल्यावर झिणझिण्या येणं. यातलं काहीही दिसलं तर पुढचं वाचत बसू नका. अँप बंद करा, प्लग भिंतीतून काढा आणि थेट जाणकाराकडे न्या.

पुष्कळ जणांची समजूत असते की महागड्या, हाताने वायरिंग केलेल्या अँपचे बिघाडही काही खास असतील. तसं नसतं. नामांकित म्हणवणाऱ्या बहुतेक अँपची वंशावळ दोनचार सर्किटांपाशी जाऊन थांबते. फेंडरच्या ५एफ६-ए बासमन सर्किटवरून १९६२ च्या सुमारास मार्शलचा जेटीएम४५ उभा राहिला, आणि त्यापुढची कितीतरी घराणी या दोघांतून फुटली. पूर्वज एकच म्हटल्यावर दुखणीही तीच. जॅक मळतो, सॉकेट सैल पडतं, ट्यूब थकते, कपॅसिटर सुकतो. किंमत वाढली म्हणून यातलं काही चुकत नाही.

आधी हे ठरवा की बिघाड आहे तरी का

१२एएक्स७ ही प्रीअँपमधली, म्हणजे पॉवर ट्यूबच्या आधीच्या भागातली, नेहमीची ट्यूब. तिच्या एका भागातून प्रत्यक्षात साधारण ५० ते ६० पट आवर्धन मिळतं. हाय-गेन अँपमध्ये असे तीनचार टप्पे एकामागोमाग लावलेले असतात. टोन कंट्रोल आणि मधले रेझिस्टर त्यातलं बरंच खाऊन टाकतात, तरी उरतं ते प्रचंड असतं. पहिल्या ट्यूबमध्ये जी काही बारीक सळसळ होते, ती शेवटी याच गुणाकारातून तुमच्या कानावर येते. त्यामुळे गेन पूर्ण वर असताना सूंऽऽ असा वाऱ्यासारखा आवाज येणं हा बिघाड नाही. तो पूर्ण घालवायचा तर गेनही घालवावा लागेल.

सिंगल कॉइल पिकअपची गिटार अँपसमोर धरली की येणारा हम, तोही अँपचा नाही. उभ्या जागी हळूहळू गोल फिरा. एखाद्या दिशेला हम जवळजवळ नाहीसा झाला, तर पिकअप आसपासच्या ट्रान्सफॉर्मरचं, दिव्याच्या डिमरचं किंवा चार्जरचं चुंबकीय क्षेत्र उचलतोय. अशा वेळी अँपवर खर्च करणं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

फुकटातली तपासणी: केबल, भिंत, स्पीकर

गिटार आणि अँप यांच्यामध्ये जे काही आहे ते सगळं काढा. पेडल, ट्यूनर, वायरलेस, सगळं. एकच केबल, एकच गिटार, सरळ अँपमध्ये. मग ती केबलही बदला. हे सांगताना मलाच कंटाळा येतो, पण ‘अँप बिघडलाय’ म्हणून दाखवलेल्या किती अँपचं दुखणं शेवटी केबलच्या प्लगमध्ये निघालं ते मी मोजायचं सोडून दिलंय. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आता गिटारची केबल अँपमधून उपटा. बहुतेक ट्यूब अँपच्या इनपुट जॅकमध्ये अशी सोय असते की काही लावलेलं नसलं की इनपुट आपोआप ग्राउंडला जोडलं जातं. केबल काढल्यावर हम गेला तर दोष बाहेर आहे. तसाच राहिला तर आत.

पेडलबोर्ड, कॉम्प्युटर किंवा दुसरा अँप जोडल्यावरच हम येत असेल तर तो ग्राउंड लूप. दोन उपकरणं दोन वेगळ्या वाटांनी अर्थिंगला पोचतात आणि त्या वर्तुळात विजेचा हम शिरतो. सगळं एकाच सॉकेटपट्टीवर घेऊन बघा. त्याने भागलं नाही तर सिग्नलच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरचा बॉक्स लावा. एक उपाय मात्र कधीही करायचा नाही: अर्थिंगची पिन तोडणं किंवा तिच्यावर टेप लावणं. हम जातो, हे खरं आहे. पण त्यानंतर अँपच्या आत काही सुटलं तर चासीवर आलेली वीज जमिनीत जायला तुमच्या गिटारच्या तारा आणि तुमचे हात एवढीच वाट उरते.

स्पीकरकडे जाणारी केबलही बघा. गिटारची शील्डेड केबल आणि स्पीकरची केबल दिसायला सारखी असते, कामाला नाही. गिटारच्या केबलमधली आतली तार बारीक असते. ती स्पीकरला लावली की आवाज मरगळतो, केबल तापते, आणि एखाद्या दिवशी ती तुटली की ट्यूब अँप भाराशिवाय चालतो. भाराशिवाय चालवणं हा आउटपुट ट्रान्सफॉर्मर मारायचा सर्वात सोपा मार्ग आहे. ऊर्जेला जायला जागा नसते, गुंडाळीत व्होल्टेज उसळतं, इन्सुलेशन भेदून ठिणगी पडते. म्हणून सवय लावून घ्या की स्पीकर आधी जोडायचा आणि अँप नंतर चालू करायचा. मागच्या बाजूला ४, ८, १६ ओहमचे जॅक किंवा स्विच असतो, तोही स्पीकरवरच्या आकड्याशी जुळतोय का ते पाहून घ्या.

हम कोणत्या सुराचा आहे

ही तपासणी मला फार आवडते, कारण हिला कान आणि गिटार सोडून काहीच लागत नाही.

जिथे घरगुती वीज ५० हर्ट्झची असते तिथे अँपमध्ये दोन तऱ्हेचे हम येतात, एक ५० हर्ट्झचा आणि दुसरा १०० चा. ट्यूबचे हीटर, म्हणजे तिला आतून तापवणाऱ्या तारा, ६.३ व्होल्ट एसीवर चालतात. तिथून किंवा ग्राउंड लूपमधून जे शिरतं त्याचा पाया ५० असतो. उलट हाय व्होल्टेजचा पुरवठा फुल-वेव्ह रेक्टिफायरमधून (एसीचं डीसी करणाऱ्या भागातून) येतो, त्यात प्रत्येक आवर्तनाचे दोन अर्धे मिळून १०० लाटा होतात. त्या गाळायचं काम फिल्टर कपॅसिटरचं. तो सुकला की १०० हर्ट्झचा खरखरीत हम कानावर येतो.

आता गिटार ट्यून करा आणि सर्वात जाड तारेचा तिसरा पडदा वाजवा. तो जी आहे, ९८ हर्ट्झचा. अँपचा हम त्याच सुराच्या आसपास असेल तर संशय वीजपुरवठ्यावर किंवा पॉवर ट्यूबच्या जोडीवर. हम त्याच्या एक सप्तक खाली असेल, म्हणजे बास गिटारच्या जाड तारेच्या तिसऱ्या पडद्याएवढा, तर संशय हीटर, प्रीअँप ट्यूब किंवा ग्राउंडवर. जिथे वीज ६० हर्ट्झची आहे तिथे वरचा हम १२० वर येतो, म्हणजे पाचव्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावरच्या बी सुराजवळ. हा निवाडा पक्का नाही, ग्राउंड लूपमध्ये वरचे स्वर मिसळले की कान फसतो. पण कुठून सुरुवात करायची ते यातून कळतं.

याला एक जोड द्या. हम चालू असताना व्हॉल्यूम आणि मास्टर दोन्ही शून्यावर आणा. हम जसाच्या तसा राहिला तर तो त्या नॉबच्या पुढच्या भागात, फेज इन्व्हर्टर (पॉवर ट्यूबच्या दोन बाजूंना सिग्नल वाटून देणारा टप्पा), पॉवर ट्यूब किंवा पुरवठ्यात आहे. नॉबबरोबर कमी झाला तर तो त्याच्या मागे, प्रीअँपमध्ये. दोन मिनिटांत अर्धा अँप संशयातून बाद होतो.

आवाज बसतोय? आधी मागचा लूप जॅक

एकदा एक हाताने बांधलेला, भलताच महागडा अँप समोर आला. तक्रार हीच: तापला की आवाज बसतो. मालकाने त्याआधी प्रीअँपच्या सगळ्या ट्यूब बदलल्या होत्या, मग पॉवर ट्यूबचा नवा जुळवलेला संच घातला होता, शेवटी स्पीकरही बदलला होता. दर वेळी दोन दिवस बरं वाटायचं आणि पुन्हा तेच. मी मागे इफेक्ट्स लूपच्या, म्हणजे प्रीअँप आणि पॉवर अँप यांच्यामध्ये पेडल जोडायच्या सोयीच्या, सेंड आणि रिटर्न या दोन जॅकांमध्ये वीतभर केबल लावली. आवाज परत आला आणि गेलाच नाही.

त्यामागचं कारण समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी ट्यूब विकत घेण्याआधी हात तिकडे जाईल. सिरीज लूप असलेल्या अँपमध्ये प्रीअँपचा सिग्नल रिटर्न जॅकमधल्या एका छोट्या पत्र्याच्या संपर्कातून पुढे पॉवर अँपकडे जातो. जॅकमध्ये प्लग घातला की तो संपर्क उघडतो. प्लग नसेल तेव्हा सगळा आवाज त्या चिमुकल्या पत्र्यावर अवलंबून असतो. वर्षानुवर्षं लूप कुणी वापरलाच नाही तर त्या पत्र्यावर गंज आणि धूळ बसते. अँप तापतो, धातू किंचित प्रसरण पावतो, संपर्क सुटतो. जोरात कॉर्ड मारली की सिग्नलचा झटका त्या थरातून आरपार जातो आणि थोडा वेळ सगळं ठीक होतं. म्हणूनच ‘कॉर्ड हाणली की परत येतो’ हे ऐकलं की मी आधी लूपकडे बघतो.

इलाज असा. अँप बंद, प्लग भिंतीतून बाहेर. साध्या प्लगच्या टोकावर इलेक्ट्रॉनिक्ससाठी मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर थोडासा फवारा आणि रिटर्न जॅकमध्ये वीसेक वेळा आत-बाहेर करा. मग सेंड, इनपुट, फूटस्विच, आणि पॉवर अँप इन असा वेगळा जॅक असेल तर तोही. जॅकमध्ये नळी घालून धार सोडू नका. जादा द्रव आत गळतो आणि पुढची धूळ धरून ठेवतो. गंजलेलं यंत्र सैल करायचा स्प्रे म्हणून जे तेलकट रसायन मिळतं ते तर अजिबात नको.

एक अपवाद: लूप समांतर असेल, म्हणजे त्याला मिक्सचा नॉब असेल, तर सेंड-रिटर्न जोडून केलेली चाचणी खात्रीची नाही. तिथे सरळ साफसफाईच करा.

जॅक साफ करूनही आवाज तापल्यावरच बसत असेल, तर पुढचा संशय ट्यूबच्या सॉकेटवर. ज्या अँपमध्ये सॉकेट थेट छापील बोर्डावर डाखलेली असतात तिथे ट्यूबची उष्णता आणि वजन त्या डाखांवर येतं, आणि काही वर्षांनी डाखाभोवती केसाएवढी भेग पडते. चासीवर स्क्रूने बसवलेल्या सॉकेटांना वायर जोडण्याची पद्धत इथे उजवी ठरते. हाताने बांधलेल्या अँपला लोक ‘सूर वेगळा’ म्हणून जास्त पैसे मोजतात. सुराबद्दल मी वाद घालणार नाही, पण तो अँप वीस वर्षांनी दुरुस्त करणं सोपं जातं, आणि पैसे मोजायला मला हे कारण जास्त पटतं.

नॉबची खरखर

ही दोन ओळींत आटोपते. फिरवतानाच चरचर येत असेल तर पॉटमध्ये, म्हणजे नॉबमागच्या बदलत्या रेझिस्टरमध्ये, धूळ आहे. अँप बंद करून तो नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत तीसचाळीस वेळा फिरवा, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. भागलं नाही, तर पॉटवर डीसी व्होल्टेज आलेलं असू शकतं, म्हणजे त्याआधीचा कपलिंग कपॅसिटर (डीसी अडवून फक्त सिग्नल पुढे सोडणारा) गळतोय. ते आतलं काम.

प्रीअँप ट्यूब: एक चांगली ट्यूब आणि थोडा धीर

इथपर्यंत खर्च जवळजवळ शून्य होता. आता तपासलेली, चांगली एक १२एएक्स७ जवळ हवी. हीच युरोपीय नावाने ईसीसी८३. संच नको, एकच पुरते.

अँप बंद करा, प्लग काढा, ट्यूब हाताला सोसेल इतकी निवू द्या. प्रीअँप ट्यूबवर बहुतेकदा पत्र्याची टोपी असते, ती दाबून फिरवली की निघते. ट्यूब सरळ वर ओढा, अगदी हलकेच गोल हलवत. नऊ पिना बारीक असतात, आडवी उपटली तर वाकतात.

इनपुट जॅकच्या सर्वात जवळची ती बहुधा व्ही१, पहिला टप्पा. सर्वात जास्त गुणाकार तिच्याच वाट्याला येतो, म्हणून सुरुवात तिथून. तिच्या जागी आपली चांगली ट्यूब घाला, अँप चालू करा, ऐका. फरक पडला नाही तर जुनी परत जागेवर आणि चांगली व्ही२ मध्ये. असं एकेक करत पॉवर ट्यूबच्या बाजूला सरकत जायचं. एका वेळी एकच बदल करा. दोन बदलल्या आणि आवाज सुधारला, तर कुणामुळे ते कळत नाही, आणि चांगली ट्यूब कचऱ्यात जाते.

प्रीअँप ट्यूब बदलल्यावर बायस, म्हणजे ट्यूबमधून किती प्रवाह वाहावा याची जुळणी, करावा लागत नाही. पण आकडा मात्र पाहा. फेज इन्व्हर्टरला आणि रिव्हर्ब चालवायला अनेक अँपमध्ये १२एटी७ असते. तिचा आवर्धनांक ६०, १२एएक्स७ चा १००. दिसायला जुळ्या बहिणी, कामाला नाही. ज्या जागेवर जो आकडा होता तोच परत जायला हवा.

किणकिण शोधायची तर अँप चालू ठेवून, व्हॉल्यूम मध्यम ठेवून, कोरड्या लाकडी काडीने प्रत्येक ट्यूबच्या काचेवर अगदी हलकी टिचकी द्या. पेन्सिल नको, शिशातून वीज वाहते. व्ही१ थोडीशी टिंग करेलच, तेवढा गेन असतो तिला. एखादी मात्र घंटेसारखी वाजली किंवा टिचकीसरशी शिट्टी धरली तर ती ट्यूब मायक्रोफोनिक झाली. आतले भाग सैल झाले की ट्यूब मायक्रोफोनसारखी वागते, आणि स्पीकर त्याच लाकडी पेटीत बसवलेला कॉम्बो अँप तिला सतत हलवत ठेवतो. ती फेकू नका. फेज इन्व्हर्टरच्या जागी, जिथे गुणाकार संपत आलेला असतो, तिथे ती कित्येकदा गुमान काम करते.

सगळ्या जागांवर चांगली ट्यूब फिरवूनही तडतड तशीच असेल तर ट्यूबवरचा खर्च तिथेच थांबवा. मग दोष बहुतेक प्लेट रेझिस्टरमध्ये, म्हणजे ट्यूबला हाय व्होल्टेज पोचवणाऱ्या रेझिस्टरमध्ये, असतो. जुन्या कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टरना वयोमानाप्रमाणे ही खोड लागते, आणि ते बदलायला चासी उघडावी लागते.

पॉवर ट्यूब: बघायचं, हात लावायचा नाही

खोलीत अंधार करा, अँप चालू करा, मागून बघा. आतल्या बाजूला, बहुतेकदा वर आणि खाली डोकावणारा नारिंगी उजेड हा हीटरचा, तो हवाच. काचेच्या आतल्या अंगाला निळसर झाक दिसते आणि वाजवताना थरथरते. पुष्कळ जण हिला घाबरतात, ती निरुपद्रवी आहे. वरचा चांदीसारखा चकचकीत डाग पांढरा पडला असेल तर काचेतून हवा आत गेली आहे, ती ट्यूब संपली.

धोका वेगळा दिसतो: बाहेरचा मोठा राखाडी किंवा काळा पत्रा, म्हणजे प्लेट, तिच्या अंगावर विटेसारखा लाल ठिपका उमटतो आणि पसरत जातो. क्षणभरही न थांबता अँप बंद करायचा. बायसचं ऋण व्होल्टेज नाहीसं झालंय किंवा कपलिंग कपॅसिटर गळून ग्रिडवर धन व्होल्टेज येतंय, आणि ट्यूब स्वतःला जाळून घेते आहे. नवीन ट्यूब घालून बघणं म्हणजे नवीन ट्यूब जाळणं.

एक पॉवर ट्यूब अजिबात पेटत नसेल तर आवाज पडतो आणि बरोबर १०० हर्ट्झचा हमही वाढतो. यामागची गंमत अशी की पुश-पुल रचनेत, म्हणजे पॉवर ट्यूब आळीपाळीने काम करतात तिथे, दोन बाजू एकमेकींचा पुरवठ्यातला हम खोडून काढत असतात. एक बाजू गळाली, किंवा दोघींचे प्रवाह जुळेनासे झाले, की खोडणं थांबतं. म्हणून पॉवर ट्यूब जुळवलेल्या जोडीने घ्यायच्या.

बदलल्यावर बायस. व्हॉक्स एसी३० सारख्या कॅथोड बायस अँपला वेगळा नॉब नसतो. फिक्स्ड बायसला मात्र मोजमाप हवंच. ईएल३४ या पॉवर ट्यूबची प्लेट २५ वॅट सोसते. नेहमीचा आडाखा म्हणजे त्याच्या ७० टक्के, १७.५ वॅट. प्लेटवर ४५० व्होल्ट असतील तर प्रत्येक ट्यूबला साधारण ३९ मिलिअँपिअर. आकडेमोड शाळेतली आहे, पण मोजायचं ते ४५० व्होल्टवर. चासीच्या बाहेर त्यासाठी पॉइंट दिलेले नसतील तर हे काम दुसऱ्याला करू द्या.

ईएल३४ काढून ६एल६ किंवा उलट, ‘फक्त बघू तरी’ म्हणून घालू नका. ईएल३४ चा हीटर १.५ अँपिअर ओढतो, ६एल६जीसी चा ०.९. चार ट्यूबच्या अँपमध्ये ३.६ च्या जागी ६ अँपिअर झाले की पॉवर ट्रान्सफॉर्मर तापतो. शिवाय ईएल३४ ला पिन १ वर जोडणी लागते, ती ६एल६ साठी बांधलेल्या सॉकेटवर असेलच असं नाही.

फ्यूज

उडालेला फ्यूज उजेडात धरा. आतली तार मधेच तुटलेली आणि काच स्वच्छ असेल तर तो कदाचित वयाने गेला. काच काळी किंवा आरशासारखी झाली असेल तर आत पक्का शॉर्ट आहे. मागे छापलेला आकडा आणि टी किंवा एफ हे अक्षर पाहा. टी म्हणजे सावकाश उडणारा, एफ म्हणजे चटकन. तसाच फ्यूज एकदा घाला. एकदाच.

पुन्हा उडाला तर अँप बंद करून, प्लग काढून, थंड झाल्यावर पॉवर ट्यूब काढा. रेक्टिफायर ट्यूब असेल तर तीही. तिसरा फ्यूज घाला आणि स्टँडबायवर चालू करा. टिकला तर बहुधा एखादी ट्यूब आतून शॉर्ट आहे. उडाला तर ट्रान्सफॉर्मर, डायोड किंवा वायरिंग. दोन्ही उत्तरं जाणकाराला सांगण्यासाठी. फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज घालायची किंवा चांदीचा कागद गुंडाळायची ही जुनी युक्ती मी तरुणपणी एकदा केली आहे. फ्यूज टिकला आणि ट्रान्सफॉर्मर गेला.

इथे थांबा

चासी उघडायची वेळ आली की हे लिखाण तुमच्यापुरतं संपलं. आत ३०० ते ५०० व्होल्ट डीसी असतं आणि फिल्टर कपॅसिटर ते प्लग काढल्यावरही धरून ठेवतात. काही अँपमध्ये ते आपोआप रिकामे होतात, काहींत नाही, आणि बाहेरून बघून ते ओळखता येत नाही. घरातली वीज दुरुस्त करता येते म्हणून हेही येईल असं समजू नका. तो धक्का वेगळा असतो.

नेमकं कधी थांबायचं: १०० हर्ट्झचा हम व्हॉल्यूम शून्यावरही तसाच आणि पॉवर ट्यूब ठीक; नॉबवर डीसी; सगळ्या ट्यूब फिरवूनही तडतड; दुसऱ्यांदा उडालेला फ्यूज; लाल प्लेट; झिणझिण्या. जुन्या दोन पिनांच्या अमेरिकन अँपमध्ये मेन्स आणि चासी यांच्यामध्ये एक कपॅसिटर असतो, तो शॉर्ट झाला की चासी जिवंत होते. असा अँप हातात आला तर वाजवण्याआधी तीन पिनांची केबल बसवून घ्या आणि तो कपॅसिटर काढून टाकायला सांगा.

अँप देताना ‘आवाज खराब येतो’ एवढंच सांगू नका. हम कोणत्या सुराचा, व्हॉल्यूमबरोबर हलतो का, थंड असताना की किती मिनिटांनी, कोणत्या ट्यूब फिरवून पाहिल्या, हे कागदावर लिहून द्या. अर्धा दिवस वाचतो. आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर पंधरा-वीस वर्षांचे असतील तर ते सगळे एकत्र बदलायचं का, हे तेव्हाच विचारा. एक सुकला असेल तर त्याचे शेजारी त्याच वयाचे असतात.

विकत घेताना हेच उलटं करायचं

जुना, महाग अँप बघायला जाल तेव्हा तो थंड असताना चालू करायला सांगा. आधीच तापवून ठेवला असेल तर मी तरी तासभर फिरून येतो. मग पाऊण तास वाजवा, कारण बसणारा आवाज अँप तापल्याशिवाय बसत नाही. व्हॉल्यूम शून्यावर कान लावा. प्रत्येक नॉब टोकापर्यंत फिरवा. लूपमध्ये केबल घालून आणि काढून ऐका. सूर बदलला तर जॅक मळलाय, आणि ते घासाघीस करायला चांगलं कारण आहे, अँप सोडायला नाही. मागे व्होल्टेज किती लिहिलंय आणि फ्यूज त्याला साजेसा आहे का ते बघा. १२० व्होल्टवरून २३० वर आणलेल्या अँपमध्ये फ्यूजचा आकडा निम्म्यावर यायला हवा, आणि तो बदलायला लोक हमखास विसरतात.

शक्तीच्या आकड्याला भुलू नका. १०० वॅटचा अँप ५० वॅटच्या दुप्पट मोठा वाजत नाही, फरक फक्त ३ डेसिबलचा. पॉवर ट्यूब मात्र दुप्पट, म्हणजे वर लिहिलेल्या त्यांच्या कटकटीही दुप्पट.

विकणाऱ्याला दोनच प्रश्न विचारा: याचं सर्किट-चित्र मिळतं का, आणि आतले भाग डोळ्यांनी दिसतात का. अमेरिकन अँप-कारागीर अलेक्झांडर डंबल यांच्या अँपची ख्याती कोण नाकारेल, पण आपलं सर्किट कुणी उतरवून घेऊ नये म्हणून ते त्यावर इपॉक्सीचा लेप द्यायचे. त्यांचं २०२२ मध्ये निधन झालं. त्या लेपाखालचा एखादा रेझिस्टर तडतडायला लागला तर आधी लेप खरवडावा लागतो. त्यांची नक्कल करताना लेपासकट नक्कल करणारेही आहेत. असा अँप समोर आला तर मी मनापासून वाजवतो, दाद देतो आणि परत देऊन येतो.